साखर, गंज आणि धग: मधुमेहात हृदयाचं नेमकं काय बिघडतं?



मधुमेह असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "शुगर कंट्रोलमध्ये आहे ना, मग हार्टची कशाला काळजी?" इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की बेळगाव, हा समज सगळीकडे सारखाच. रिपोर्टवरचा साखरेचा आकडा बरा दिसला की आपण निश्चिंत होतो. पण मधुमेही माणसाच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार आणि पक्षाघात हे आहे. मग साखर आणि हृदय यांच्यामध्ये असं काय घडतं, जे त्या एका आकड्यात दिसत नाही?

त्याची दोन नावं आहेत. एक म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. आपण त्याला पेशींना चढणारा गंज म्हणू. दुसरं म्हणजे इन्फ्लमेशन, म्हणजे दाह. शरीराच्या आत राखेखालच्या निखाऱ्यासारखी धुमसणारी ही धग. हा गंज आणि ही धग एकमेकांना वाढवत राहतात. हे कसं होतं ते कळलं, की डॉक्टर साखरेच्या गोळीबरोबर कोलेस्टेरॉलची आणि ब्लडप्रेशरची गोळी का देतात तेही कळेल. आणि ती गोळी मनानेच बंद करणं का महागात पडतं, तेही.

हा विषय आपल्या देशात किती जणांचा आहे? आयसीएमआरच्या इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडं जास्तच.

पेशीच्या वीजघरात गळती

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची इवली इवली वीजघरं असतात. अन्नातून आलेली साखर आणि चरबी तिथे जाळली जाते आणि ऊर्जा तयार होते. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. त्यामुळे हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या वीजघरांनीच व्यापलेला असतो.

वीजघराचं काम कसं चालतं? विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी आहे आणि भरलेल्या घागरी हातोहात पुढे जात आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. इथे घागरीऐवजी इलेक्ट्रॉन असतात. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. सगळं सुरळीत असताना रांगेतून अगदी थोडं सांडतं.

आता रक्तात साखर फार वाढली. पेशीत नको तितकं इंधन शिरलं. मागून घागरी येतच आहेत, पुढच्याचे हात मोकळे नाहीत. मग रांग तुंबते आणि घागरी हिंदकळतात. इलेक्ट्रॉन मध्येच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा कण तयार होतो. हा फ्री रॅडिकल, म्हणजे भलताच आक्रमक कण. समोर येईल त्या प्रथिनाला, चरबीला, अगदी डीएनएलाही तो इजा करतो.

शरीराकडे याचा बंदोबस्त आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन ही त्यातली काही नावं. पण सांडणं जास्त आणि पुसणारे हात कमी अशी वेळ आली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. यकृताच्या तुलनेत हृदयात कॅटलेज बरंच कमी असतं, त्यामुळे हृदयाची बाजू मुळातच थोडी लंगडी.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधले मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये हे सूत्र मांडलं: मधुमेहात पेशींना इजा करणारे जे वेगवेगळे रासायनिक मार्ग माहीत होते, त्या सगळ्यांच्या मुळाशी मायटोकॉन्ड्रियातून निसटणारा हा सुपरऑक्साइड आहे.

रक्तवाहिनीचं अस्तर आधी का बिघडतं?

साखर तर सगळ्या शरीरात फिरते. मग रक्तवाहिन्यांनाच एवढा फटका का? कारण बऱ्याच पेशी बाहेर साखर वाढली की आपलं दार थोडं ओढून घेतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना हे नीट जमत नाही. बाहेर जितकी साखर, तितकी आतही शिरते.

हे अस्तर एका पेशीएवढंच जाड असतं, पण त्याचं काम मोठं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. या वायूमुळे रक्तवाहिनी सैल राहते, रक्ताच्या गुठळ्या सहजी होत नाहीत आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता सुपरऑक्साइड काय करतो? तो नायट्रिक ऑक्साइडला गाठतो, आणि दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट नावाचं जास्तच घातक रसायन तयार होतं. म्हणजे नुकसान दुहेरी. रक्षण करणारा वायू गेला, आणि त्याच्याच जागी इजा करणारं रसायन आलं. रक्तवाहिनी आखडते, अस्तर खरखरीत होतं, प्लेटलेट चिकट होतात. आणि यातलं काहीही दुखत नाही.

दूध आटतं तसं

बासुंदीसाठी दूध आटवलं की त्याला बदामी रंग येतो. भाकरीवर खरपूस डाग पडतात. दोन्हीकडे साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांना चिकटतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्ड यांनी १९१२ मध्ये ही क्रिया सांगितली. आपल्या शरीरातही ती चालते, फक्त मंद आचेवर, वर्षानुवर्षं. रक्तात साखर जास्त असेल तर वेग वाढतो.

एचबीएवनसी ही तपासणी याच गोष्टीवर उभी आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे मोजून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. मात्र लाल पेशी मरते आणि नवी येते. रक्तवाहिनीच्या भिंतीतलं आणि हृदयाच्या स्नायूतलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. त्यावर साखरेचे धागे विणले जातात आणि ते ताठ होतं. साखर चिकटून बनलेल्या अशा संयुगांना एजीई म्हणतात. पेशींवर त्यांना ओळखणारी खास कुलपं असतात. एजीई तिथे जाऊन बसलं, की पेशी जणू धोक्याची घंटा वाजवते. इथून दाह सुरू होतो.

धुमसणारी धग

पायात काटा गेला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. काटा निघाला की चार दिवसांत शांत होते. हा उपकारक दाह. मधुमेहातला दाह वेगळा असतो. तो मंद, सर्वांगभर आणि न थांबणारा.

पेशीमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचा एक खटका असतो. फ्री रॅडिकल आणि एजीई दोघंही तो दाबतात. खटका दाबला गेला की पेशी दाहाचे निरोप पाठवते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ ही त्या निरोपांची नावं. निरोप ऐकून पांढऱ्या पेशी धावत येतात, भिंतीला चिकटतात, आत शिरतात. येताना त्या स्वतःही फ्री रॅडिकल सोडतात, कारण जंतू मारायचं त्यांचं हत्यारच ते. म्हणजे गंजातून धग, धगीतून पुन्हा गंज.

याच वेळी एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, तेही भिंतीत शिरलेलं असतं. फ्री रॅडिकल त्याला गंजवतात. पांढऱ्या पेशी ते गंजलेलं कोलेस्टेरॉल अधाशासारखं गिळतात आणि फुगून तिथेच अडकून पडतात. हाच ब्लॉकेजचा पाया. पुढे दाहातून निघणारी विकरं ब्लॉकेजवरचं आवरण पातळ करत जातात. ते एखाद्या दिवशी फाटतं, तिथे गुठळी बसते आणि हार्ट अटॅक येतो. म्हणूनच अँजिओग्राफीत फार मोठं न दिसणारं ब्लॉकेजही घात करू शकतं.

या दाहाला आणखी एक उगम आहे: पोटाची चरबी. ही चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार नव्हे, तीही टीएनएफ-अल्फासारखे निरोप सोडते. हे निरोप इन्सुलिनचं काम अडवतात, साखर आणखी वाढते आणि चक्र पूर्ण होतं.

इथे पुण्यातल्या एका कामाची आठवण करून द्यायला हवी. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबी जास्त, अशी आपल्याकडची ठेवण. "मी जाड नाही, मला काय होणार?" असं म्हणण्याआधी वजनकाट्यासोबत कमरेला टेपही लावून बघा.

हृदयाचा स्नायूही सुटत नाही

आतापर्यंत रक्तवाहिन्यांबद्दल बोललो. पण मधुमेह हृदयाच्या स्नायूवरही थेट परिणाम करतो. १९७२ मध्ये रुब्लर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांची नोंद केली. त्यांचं हृदय निकामी झालेलं होतं, पण त्याचा खुलासा होईल असा रक्तवाहिन्यांचा आजार सापडला नाही. यातून डायबेटिक कार्डिओमायोपथी ही कल्पना आली. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने दाखवलं, की मधुमेही पुरुषांमध्ये हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुपटीहून जास्त आणि स्त्रियांमध्ये सुमारे पाचपट आहे. घरातल्या मधुमेही बाईचा दम "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नये, तो यासाठी.

स्नायूत होतं काय? इन्सुलिन नीट काम करत नसल्यामुळे हृदय साखर कमी आणि चरबी जास्त जाळतं. तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन जास्त लागतो आणि वीजघरातलं सांडणंही वाढतं. पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतू भरतात, कोलॅजन ताठ होतं. असं हृदय आकुंचन पावतं, पण पुरतं सैल पडत नाही. त्यामुळे त्यात रक्त नीट भरत नाही. जिना चढताना लागणारा दम ही बहुतेकदा पहिली खूण असते.

साखर कमी केली की सगळं पुसलं जातं का?

याचं उत्तर दोन मोठ्या अभ्यासांतून मिळतं.

पहिला डीसीसीटी. टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण. १९८३ ते १९९३ या काळात निम्म्यांची साखर काटेकोर ठेवली, निम्म्यांची त्या वेळच्या नेहमीच्या पद्धतीने. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली. तरीही २००५ मध्ये पाहिलं, तर सुरुवातीला काटेकोर असलेल्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. शरीर जुने दिवस विसरत नाही. प्रयोगशाळेतही दिसलं आहे, की अस्तराच्या पेशींना काही तास जास्त साखरेत ठेवलं, तर साखर पूर्ववत झाल्यावरही पुढचे काही दिवस तो दाहाचा खटका दाबलेलाच राहतो.

दुसरा अभ्यास अकॉर्ड. टाइप २ चे १०,२५१ रुग्ण, बरीच वर्षं मधुमेह असलेले, हृदयाचा धोका असलेले. त्यांच्यातल्या एका गटाची एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा जोरदार प्रयत्न झाला. पण त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला.

दोन्ही एकत्र ठेवून बघा. साखर लवकर सांभाळली तर तिचा फायदा पुढे कित्येक वर्षं मिळतो. उशिरा नुसत्या साखरेच्या मागे हात धुऊन लागून हृदय वाचत नाही. तुमचं लक्ष्य किती हे वय, आजाराची वर्षं आणि साखर एकदम उतरण्याचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न अगदी रास्त आहे. गंज चढतोय, तर गंजरोधक घ्यावं. शास्त्रज्ञांनाही हेच वाटलं होतं, म्हणून त्यांनी तपासून पाहिलं. २००० मध्ये होप अभ्यासात साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. त्यांच्यात मधुमेहीही पुष्कळ होते. हृदयाला फायदा शून्य. २००२ मध्ये हार्ट प्रोटेक्शन स्टडीत वीस हजारांहून जास्त लोकांवर ई, सी आणि बीटा-कॅरोटीन यांचा प्रयोग झाला. तिथेही फायदा शून्य.

कारण आपली गत "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" अशी होते. गळती मायटोकॉन्ड्रियाच्या आत, क्षणाक्षणाला. गोळी फिरते रक्तात. शिवाय सगळेच फ्री रॅडिकल शत्रू नसतात. व्यायाम करताना थोडे तयार होतात, आणि तेच पेशीला सांगतात, "तुझा बंदोबस्त वाढव." २००९ च्या एका जर्मन प्रयोगात व्यायामासोबत सी आणि ई च्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांमध्ये, व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारायला हवं होतं, ते सुधारलं नाही. तेव्हा महागड्या डब्यांवर पैसे घालण्यापेक्षा तो खर्च पालेभाजी, डाळी, मूठभर शेंगदाणे आणि अख्ख्या फळांवर करा. कमतरता निघाली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं जीवनसत्त्व वेगळं, ते जरूर घ्या.

दाहाची गोष्ट थोडी वेगळी निघाली. २०१७ मध्ये कँटॉस अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर फक्त दाहाचा एक निरोप अडवणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला. एलडीएल तेवढंच राहिलं, तरीही मधल्या मात्रेत पुढच्या हृदयघटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. दाह हा निव्वळ साक्षीदार नसून गुन्ह्यात सामील आहे, हे त्यातून सिद्ध झालं. मात्र त्या औषधाने गंभीर जंतुसंसर्गही वाढले, त्यामुळे ते हृदयासाठी सरसकट वापरात आलं नाही.

उपयोगी काय पडतं?

चक्र अनेक जागी फिरत असेल, तर ते अनेक जागी अडवावं लागतं. डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात टाइप २ चे फक्त १६० रुग्ण होते. निम्म्यांची साखर, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, आहार, व्यायाम अशी सगळी आघाडी एकदम सांभाळली. सुमारे आठ वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना जवळजवळ निम्म्या झाल्या. २१ वर्षांनंतर हिशेब केला, तेव्हा या गटातले लोक सरासरी जवळपास आठ वर्षं जास्त जगले होते.

स्टॅटिन गट हे कोलेस्टेरॉलचं औषध. ते गंजणारा मालच कमी करतं आणि दाहही उतरवतं. २००४ च्या कार्ड्स अभ्यासात, हृदयरोग नसलेल्या मधुमेहींमध्ये अटोरव्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅमने मोठ्या हृदयघटना ३७ टक्क्यांनी घटल्या. म्हणून "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?" असं म्हणून ती स्वतः थांबवू नका. गोळीमुळेच ते नॉर्मल आलं आहे.

एसजीएलटी-२ गटाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०१५ च्या एम्पा-रेग अभ्यासात, आधीच हृदयरोग असलेल्या मधुमेहींमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं ३५ टक्क्यांनी कमी झालं. हा फायदा नुसत्या साखरेच्या घसरणीतून येईल त्याहून खूप मोठा होता. ही औषधं सगळ्यांना चालत नाहीत. जननेंद्रियाचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, क्वचित कीटोअॅसिडोसिस असे धोके असतात. म्हणून निर्णय डॉक्टरांचाच.

आता तुम्ही काय करायचं?

पुढच्या भेटीत डॉक्टरांना फक्त साखर विचारू नका. एचबीएवनसी, ब्लडप्रेशर, एलडीएल आणि लघवीतलं अल्ब्युमिन, हे चार आकडे एका कागदावर लिहून ठेवा. लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागणं, ही मूत्रपिंडाबरोबरच सगळ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडत असल्याची खूण असते.

तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी पूर्ण बंद करा. यातलं काहीही गंज आणि धग दोन्ही वाढवतं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा, कारण हिरड्यांचा जुनाट दाहही साखर वाढवतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू काम करू लागला की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतो.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. अचानक दम लागणं, दरदरून घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा, कारण नसताना गळून जाणं, एवढीच लक्षणं असू शकतात. "ॲसिडिटी असेल" म्हणत सोडा पिऊन रात्र काढू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात लगेच पोहोचा.

मधुमेह आजच कळलेला असेल, तर हृदयाची काळजी घ्यायचा दिवसही आजचाच आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की ज्यांना पुढे मधुमेह निघाला, त्यांच्यात निदानाच्या आधीच्या वर्षांतही हार्ट अटॅकचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. निखारा राखेखाली आधीपासूनच असतो. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल, तर हे प्रकरण त्यांना वाचून दाखवा आणि ते चार आकडे त्यांच्याबरोबर बसून लिहून काढा.